लाल धाग्याचा करंज

मित्रांनो, त्या शुक्रवारी मुनीरभाईंनी मला उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतलं आणि टेकडीच्या मधल्या वळणावर ते थांबले. माझ्या दोन्ही टोकांचे डबे झुलत होते.

"दौलत, ही टेकडी दरवर्षी वाढते की काय रे?"

"टेकडी हाय तिथंच हाय," मागून दौलत म्हणाला. "तुमचं वय वाढलंय. आता पंप हाय, पाइप हाय, मंग ही कावड कशाला वागवता?"

"पाइप वरच्या रोपांपर्यंत पोचत नाही. ही पोचते."

वरच्या रोपांना पाणी घालून दोघे मोठ्या करंजाखाली बसले. भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. संध्याकाळी मुनीरभाईंनी मला पायथ्याशी पुतळाबाईंच्या पडवीत खुंटीला अडकवलं. "येतो आक्का," म्हणाले. "ये रे बाबा," चुलीजवळून उत्तर आलं. भिवंडीची एसटी आली आणि गेली. त्या दिवशी वेगळं असं काहीच घडलं नाही.

मी एक जुनी कावड आहे. माझा बांबू पायथ्याच्या गावात शेती करणाऱ्या दौलतच्या बांधावरच्या बेटातला. त्यानेच मला तासलं, विस्तवावर शेकून सरळ केलं. माझे दोर मात्र भिवंडीचे. मुनीरभाई तिथे यंत्रमागावर, लूमवर, जॉबर होते, म्हणजे बिघडलेली लूम दुरुस्त करणारे. लूमवर उरलेलं सूत ते घरी नेत. त्यांच्या पत्नी हबीबाबी यांनी त्या सुताचे दोर वळले. तेलाचे दोन रिकामे डबे मिळाले आणि मी कामाला लागले. ही गोष्ट १९८५ सालची.

शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात. सुट्टीच्या एका शुक्रवारी मुनीरभाई आपल्या आईला वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन आले होते. आईचे गुडघे शेकत होते तोवर ते समोरच्या बोडक्या टेकडीकडे बघत बसले. "आठवडाभर कानात लूम वाजते," ते पुढे दौलतला सांगायचे. "त्या दिवशी पहिल्यांदा गप्प जागा बघितली. पण पाखरूही नव्हतं रे. गप्प आणि मेलेलं, यात फरक असतो." त्यांना कोणी काम सांगितलं नव्हतं, कोणी पगार देणार नव्हतं. मी कामाला लागण्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यांनी, दौलतने, पुतळाबाईंनी आणि लूमवरच्या तीन-चार सोबत्यांनी रोपवाटिकेतून रोपं आणून टेकडीवर लावली होती. गुरं येऊ नयेत म्हणून भोवती बोरीच्या काट्या रोवल्या होत्या.

रोपं लावायच्या दिवशी मुनीरभाईंची मुलगी जैनबही आली होती. शाळेत जाणारी, दोन वेण्यांची. तिने एक करंज लावला. तो आपला आहे हे ओळखता यावं म्हणून अब्बांच्या खिशातला लाल धागा त्याला बांधला. बुटाच्या नाडीला घालतात तशी दोन पाकळ्यांची सैल गाठ तिने घातली. तिला तेवढीच येत होती.

पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही चुकलो. नदी लांब होती, कुंड जवळ. "एवढं पाणी फुकट वाहून जातं," मुनीरभाई म्हणाले. "वर चढेपर्यंत निवेल." कुंडातून वाहणारं ते पाणी मी शुक्रवारमागून शुक्रवार वर नेलं. ते निवतही असे. पण त्यात गंधक होतं, खार होता. पानं कडेने तपकिरी झाली, मग गळली.

पुतळाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. दौलतला हसू आवरेना. "मुनीरभाई, झाडांना काय संधिवात झालता? चांगला शेक दिलात!"

मुनीरभाई हसले नाहीत. ते जैनबच्या करंजापाशी उकिडवे बसले होते. काडी नखाने खरवडून बघत होते. आत हिरवं काही उरलं नव्हतं.

"पुढच्या आठवड्यात पोरगी येणार आहे," ते म्हणाले. "एवढ्याशा वयात तिच्या हातचं झाड मेलं, तर ती परत मातीत हात घालेल?"

दौलतचं हसणं थांबलं. "रोपवाटिकेत करंज हाय अजून," तो म्हणाला.

मित्रांनो, ते रोप मीच वाहून आणलं. एका डब्यात रोप आणि तोल राहावा म्हणून दुसऱ्या डब्यात एक धोंडा. मुनीरभाईंनी मेलेली काडी उपटली, त्याच खड्ड्यात नवा करंज बसवला आणि धागा काढून त्याला बांधला.

"पोरीला सांगायचं न्हाय," पुतळाबाईंनी बजावलं. "दौलत, तुझ्या तोंडाला कुलूप लाव."

पण मुनीरभाईंच्या बोटांनी एक चूक केली. आयुष्यभर तुटलेले धागे जोडणारा माणूस धागा बांधेल तो लूमवरच्याच गाठीने. बारीक, घट्ट, पाकळ्या नसलेली. ती त्यांच्या ध्यानातही आली नाही.

पुढच्या आठवड्यात जैनब धावत वर आली. मी तिथेच मातीत टेकले होते. ती रोपापाशी वाकली, तिने गाठीवर बोट ठेवलं. मग मान वर करून अब्बांकडे पाहिलं.

"बघ बेटा," मुनीरभाई म्हणाले, "सगळी गेली, तुझं तेवढं जगलं!" त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की तिने गाठीवरचं बोट काढून घेतलं. तिने डब्यातून ओंजळभर पाणी घेतलं आणि त्या रोपाला घातलं. ते पाणी नदीचं होतं. त्यानंतर कुंडाच्या वाटेला आम्ही कधी गेलो नाही.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रोपं लावली, मग वर्षं गेली. टेकडीवर आवळे, जांभळं, मोह उभे राहिले. लाल धागा खोडाला काचू लागला तेव्हा कापून टाकला. एका फाल्गुनात खालच्या शेतांत राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पसरलेला पालापाचोळा, भाजताना आग वर चढली. सगळ्यांनी हिरव्या फांद्यांनी झोडपून ती विझवली. त्या दिवशी माझा एक दोर जळाला आणि दौलतचा तळहात भाजला. जैनब मोठी झाली. पुस्तकांची पिशवी घेऊन यायची, करंजाच्या सावलीत वाचत बसायची, मधेच उठून माझ्याखाली खांदा द्यायची. कोणी पाहुणा आला की मुनीरभाई त्याला आधी तिथे नेत. "हे माझ्या मुलीचं झाड. गरम पाण्यालासुद्धा पुरून उरलं!" जैनब पुस्तकात बघत राहायची. दौलत आभाळात बघायचा.

पुढे पंप आला. माझं कौतुक संपलं. दोन वर्षं माझ्यावर बोंबील वाळले. वास अजून गेलेला नाही. पण टेकडीच्या माथ्यावर नवी रोपं लागली आणि मुनीरभाईंनी मला पुन्हा खुंटीवरून काढलं.

सुरुवातीला सांगितला, त्या शुक्रवारनंतरच्या मंगळवारी ते ड्युटीवर असताना लूमपाशीच बसले आणि उठले नाहीत.

त्यांच्या मागचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावरच्या शुक्रवारी सगळे टेकडीवर जमले. लूमवरचे सोबती, गावातली माणसं, पुतळाबाई काठी टेकत. मुनीरभाईंच्या नावाने काहीतरी करावं असं सगळ्यांना वाटत होतं. मुनीरभाई सांगायचे तसंच दौलतने पत्र्याच्या पाटीवर रंगवून आणलं होतं: 'टेकडीवरचं पहिलं झाड. जैनबने लावलेलं.' तो बोलायला उभा राहिला. गरम पाण्याची गोष्ट त्याने सांगितली, पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. "सगळी गेली, पोरीचं तेवढं..." इथे त्याने वाक्य अर्धंच सोडलं आणि तो हातोडी शोधू लागला. एवढी वर्षं त्याने तोंडाचं कुलूप उघडलं नव्हतं.

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत. खांदा मिळाला तरच मी चालते. तुमच्या गावाबाहेरही कोणीतरी सुट्टीच्या दिवशी रोपांना पाणी वाहत असेल. त्याच्या नावाची पाटी कुठेच नसेल. तो वारल्यावर सभा भरवू नका. तो चढण चढत असतानाच जा, त्याच्या हातातला एक डबा घ्या आणि विचारा, कुठल्या झाडाला घालू?

पाटी लावायला दौलतने हातोडी उचलली तेव्हा जैनब पुढे झाली.

"काका, थांबा. याला खिळा मारू नका."

तिने मला खांद्यावरून उतरवलं. त्या दिवशी पाणी तिने आणलं होतं. दोन्ही डबे तिने करंजाच्या मुळाशी रिकामे केले. मग पूर्वी जिथे धागा होता तिथे खोडावर हात ठेवला. पुतळाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"अब्बा," ती मोठ्याने म्हणाली, "मी लावलेलं झाड मेलं होतं. हे तुम्ही लावलंत. गाठ तुमची होती. मला त्याच दिवशी कळलं होतं."