माझे तीन हिरवे दिवे

मी एक बॅटरी बोलतेय. ड्रिलची, अठरा व्होल्टची. पोटात दहा सेल. त्यांतला एक जरी रुसला तरी बाकीच्या नऊ जणांचं काही चालत नाही.

व्हिएन्नात कामाला असलेल्या वेल्कोने मला सर्बियातल्या गावी आणलं, वडलांसाठी. त्यांचं नाव राडिसाव. पोरगा परत आला की राहील म्हणून त्यांनी घरावर मजला चढवला. जिना झाला, कठडा राहिला. आमच्या गावात कठडा असा राहूनच जातो. त्या जिन्याने त्यांची बायको देसान्का रोज वर जायची, रिकाम्या खोल्यांच्या खिडक्या उघडायला.

"अहो, एक दिवस पडेन मी."

"पडशील कशाला? भिंत धर की!"

आठ वर्षं राबून माझा जीव गेला. बाजारात तिहोमीर मेकॅनिकने माझं पोट उघडलं.

"काका, सेल गेलेत. माझ्याकडे जुन्या लॅपटॉपचे आहेत, पण नुसते दिवे लागतील, जोर यायचा नाही. नवे मागवू? दहा दिवस लागतील."

"दहा दिवस? पोरगा ईस्टरला येतोय, कठडा व्हायलाच हवा. दिवे लागले की झालं! मला शिकवतोस होय?"

तिहोमीरने खांदे उडवले आणि लॅपटॉपचे सेल बसवले. बटण दाबताच माझे तिन्ही हिरवे दिवे लागले. राडिसाव खूश.

कठड्याचे बोल्ट आवळताना शेवटच्या दोन पिळांना माझं अवसान गळायचं आणि ड्रिल थांबायचा. ड्रिल थांबला म्हणजे बोल्ट घट्ट बसला, हे राडिसावांचं आयुष्यभराचं गणित. मला ओरडून सांगता येईना. बोलायला माझ्याकडे तेवढे तीन दिवे, आणि तेही खोटारडे.

"आता बिनधास्त धर," ते बायकोला म्हणाले.

तिने धरला. तिसऱ्या दिवशी पोराच्या उश्या काखेत घेऊन उतरताना सगळा भार कठड्यावर टाकला, आणि कठड्यासकट खाली आली. खुब्याचं हाड मोडलं.

वेल्को आला तो थेट इस्पितळात. "बाबा, एक फोन केला असतात तर नवी बॅटरी आणली असती." चार दिवसांनी तो परत गेला.

मग राडिसावांनी हातात पाना घेऊन एकेक बोल्ट आवळला. आता तो कठडा बैलाने ओढला तरी हलणार नाही. पण त्याला धरून वर जाणारं कोणी उरलं नाही.

मी जिन्याखालच्या फळीवर आहे. मला फेकून द्या हो, एवढंच मागणं. पण ते येतात, बटण दाबतात, दिवे बघत बसतात.

आतून खाटेवरची देसान्का रोज विचारते, "अहो, वरच्या खिडक्या उघडल्यात ना?"

"उघडल्या की," राडिसाव खालूनच सांगतात.