वासाचं पाणी

एका शिशीचं बूच तेलानं पिवळं पडलं होतं. दुसरीचं कोरडं, पांढरंच राहिलं होतं. दोन्ही शिश्या करंगळीएवढ्या. सेसिलिया त्या कमरेच्या वस्त्रात गुंडाळून बाळगायची.

पद्धत बेटावर आलेल्या मिशनच्या फादरनी शिकवली होती. आजारी मुलाच्या कपाळाला आधी सुवासिक पाणी चोळायचं, म्हणजे आई निर्धास्त होते. मग दुसऱ्या शिशीतलं साधं पाणी ओतत ओठांतल्या ओठांत शब्द म्हणायचे. बाप्तिस्मा झाला. उघड करायची सोय नव्हती. मरायला टेकलेल्या मुलांनाच फादर पाणी घालत. ती मरतच, आणि बेटावरच्या बायका म्हणत, पाण्यानंच मेली.

आठ महिन्यांपूर्वी फेतुआओच्या मुलाला सेसिलियानं असंच पाणी घातलं. फेतुआओ तिच्या चुलत्याची मुलगी, म्हणजे बहीणच. तिला सांगितलं, तापावरचं आहे. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. फेतुआओ अजून त्याला त्याच्या नावानं हाक मारून थडग्यावर उकडलेली अळकुडी ठेवायची. फादरच्या बाप्तिस्म्याच्या वहीत त्याचं नाव वेगळंच, ख्रिस्ती होतं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत सेसिलिया गप्प राहिली होती. सांगितलं तर बहीण तुटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आज दोघी एकाच ओंडक्यावर झाडाच्या सालीचं कापड मोगरीनं ठोकत होत्या. शेजारी म्हातारी तिआफोई साली भिजवत होती.

"सेसिलिया, ठोका चुकतोय तुझा," म्हातारी म्हणाली. "तुझ्या नव्या देवाला हातानं काम करायची सवय नाही वाटतं."

"अगं आजी, तो सुतार होता," फेतुआओ हसली. "ताईनंच सांगितलंय."

चटईवर तिची तान्ही लेक कुरकुरली. फेतुआओनं तिला उचललं, गालाला गाल लावला आणि तिचं हसू गेलं.

"कढत लागतेय. ताई, हिलाही तुझं ते वासाचं पाणी लाव ना."

"एक गेला तेवढा पुरे नाही झाला?" म्हातारी म्हणाली.

"तो तापानं गेला. त्या फादरचं पाणी असतं तर मी हात नसता धरला का? ताईनं आधी मला हुंगायला दिलं होतं, फादरच्या पाण्याला कुठे वास असतो?"

सेसिलियानं पोरीला हात लावून पाहिलं. ताप होता, पण पोर जोरात दूध ओढत होती. मरणाची कळा कुठंच नव्हती. नुसतं सुवासिक पाणी चोळून गप्प बसता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. फेतुआओनं तर विश्वासानं लेकीचं कपाळ तिच्यापुढे केलं होतं.

त्या कपाळाकडे तिला बघवेना. तिनं हातातली मोगरी खाली ठेवली.

"फेतू, आधी माझं ऐक. तुझ्या मुलाला मी फादरचं पाणी घातलं होतं. तुला फसवून घातलं."