उजवीकडची जागा

शिवणवालीने कामवाटपाचा तक्ता उजेडाकडे धरला. चौथ्या वळणापुढच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. पाण्याचं टेबल नाही, माणूस नाही. खाली डावीकडे तिची सही.

"मी एवढंच विचारतेय," मास्तरांची मुलगी म्हणाली. "तिथे पाणी का नव्हतं?"

वस्तीच्या दौडीला तीन दिवस झाले होते. चौथ्या वळणावर भोवळ येऊन पडलेले मास्तर अजून दवाखान्यात होते. कपाळाला नऊ टाके. वाचनालयाच्या खोलीत जमलेले स्वयंसेवक कप्तानाकडे बघत होते. बारा वर्षं दौड त्याच्याच शिट्टीवर सुटत आली होती.

"माणसं वहिनी नेमतात," कप्तान म्हणाला. "सही त्यांची आहे. मी काय बोलू?"

"भाऊजी," शिवणवाली म्हणाली, "तुम्ही कोरा तक्ता घेऊन आला होतात. चौथ्या वळणावरची दोघं पाहुण्यांच्या दिमतीला तुम्हीच नेलीत."

"कोऱ्या कागदावर सही करायला वहिनी काय कुक्कुलं बाळ आहेत?"

कुणीतरी हसलं आणि हसू खोकल्यात लपवलं.

खोटं नव्हतं ते. दौडीच्या आठवड्यात ती धावणाऱ्यांच्या छातीवरचे आकडे शिवण्यात गळ्यापर्यंत बुडालेली असायची. कप्तान दुकानाच्या दारातूनच म्हणायचा, "तुम्ही सही करून ठेवा वहिनी, मी भरतो आणि माझीही ठोकतो." ती तोंडातल्या टाचण्याही न काढता सही करायची. दोन सह्यांचा नियम तिच्या नवऱ्याचा. कप्तान त्याचा जिवलग.

"यंदा तुमची राहून गेली असेल," ती म्हणाली. "दरवर्षीची असते. दाखवते."

कपाटातल्या फायलीवर नवऱ्याचं अक्षर होतं. पहिल्या तीन तक्त्यांवर दोन सह्या होत्या, नवऱ्याची आणि कप्तानाची. चौथ्यापासून, नवरा वारल्यानंतर, तिची एकटीची. तिने पान उलटलं. पुढचं उलटलं. नऊ वर्षं उजवीकडची जागा कोरी होती.



"वहिनी, सोडा आता." कप्तानाने चुकीच्या कबुलीचा एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "एवढ्यावर सही करा, म्हणजे विषय मिटला."

ती बसली. एकेका ओळीखाली बोट फिरवत तिने कागद शेवटपर्यंत वाचला. मग मास्तरांच्या मुलीकडे वळली.

"पाणी नव्हतं, कारण मी न वाचता सही केली. ते माझं चुकलं."

शिवणवालीने ते नऊ तक्ते एकाखाली एक, फक्त तळाच्या कडा दिसतील असे मुलीपुढे मांडले. कागदावरचं 'मी' खोडून वर 'आम्ही दोघं' लिहिलं, डावीकडे सही केली आणि कागद कप्तानाकडे फिरवला.

त्याने खिसे चाचपले. गळ्यातली शिट्टी टेबलाला लागून वाजली.

"पेन नाहीये," तो म्हणाला.

तिने आपलं पेन पुढे केलं, आणि तसंच धरून ठेवलं.