जसं लिहिलंय तसं

माझ्या आवाजाबद्दल आमच्या घरी जुनी तक्रार आहे. मी आईला हाक मारली की शेजारच्या काकू ओ देतात, असं बाबा म्हणतात. पाहुणे येणार असले की आई मला आधीच डोळ्यांनी दटावून ठेवते. त्यामुळे भूमितीच्या सरांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि मोठ्या बाईंनी वर्गात येऊन सांगितलं, की सरांच्या वतीने बोलायला खणखणीत आवाजाचं कोणीतरी हवंय, तेव्हा सगळा वर्ग वळून माझ्याकडेच बघायला लागला. आजवर ज्याच्यावरून बोलणी खाल्ली तो माझा आवाज पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामाला येणार होता. मी ऐटीत उभी राहिले.

डॉक्टरांनी सरांना कुजबुजायलासुद्धा बंदी केली होती आणि त्यांची रजा तर आजारपणातच संपली होती. नुसतं फळ्यावर लिहून भागत नव्हतं. सर फळ्याकडे वळले की त्यांच्या पाठीमागे बाजार भरायचा. म्हणून असं ठरलं की सरांनी वर्गाकडे तोंड करून उभं राहायचं, छोट्या पाटीवर लिहायचं आणि मी बाजूला उभी राहून ते मोठ्याने म्हणायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम लिहून दाखवला, ‘जसं लिहिलंय तसं.’

सुरुवातीला मजा आली, खोटं कशाला बोलू. ‘शेवटचा बाक, चाळे बंद’ असं मी म्हणायचे आणि शेवटचा बाक खरंच गप्प व्हायचा. घरात माझं कुत्रंही ऐकत नाही. हळूहळू सरांची भुवई हलली तरी मला कळायला लागलं की आता वही उघडायला सांगायची आहे की बंद करायला. तास चांगला झाला की ते पाटीवर ‘शाबास’ लिहून फक्त माझ्याकडे वळवायचे. तेवढा एकच शब्द मोठ्याने वाचायचा नसायचा. मला सर आवडायचे, अजूनही आवडतात, आणि हीच तर अडचण आहे.

एकदा मागच्या बाकावरच्या लंबूला प्रमेय येईना. सरांनी लिहिलं, ‘तुझ्या डोक्याला गंज चढला आहे.’ मी म्हटलं. मधल्या सुट्टीत लंबू माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मी त्याला सांगितलं की हे मी बोलले नाही, सर बोलले. तो म्हणाला, “आवाज तर तुझाच होता.”

सर नुसते हसऱ्या चेहऱ्याने उभे असायचे आणि त्यांचं सगळं रागावणं माझ्या जिभेवरून वर्गात जायचं. लोकांनी माझं नाव भोंगा ठेवलं. मी डब्याला जाऊन बसले की बोलणी थांबायची, जणू मी जाऊन सगळं सरांना सांगणार होते. बरं, सरांच्या बाजूने म्हणावं तर तिथेही माझी पत काय होती? एकदा समरूप त्रिकोण माझ्या डोक्यावरून गेले म्हणून मी हात वर केला. सरांना वाटलं मी पुढचं वाक्य मागतेय. त्यांनी पाटी पुढे केली आणि मी ती वाचली. शंका माझ्याकडेच राहिली.

माझ्याशी बोलणारी एकच उरली, मुंगी. ती लहानखुरी आणि सतत कसलंतरी ओझं घेऊन लगबगीने चालणारी, म्हणून मुंगी. तिचा आवाज इतका बारीक की हजेरीला तिची ‘हजर’ मीच द्यायचे. आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसायचो. तिच्या घरचं फक्त मला माहीत होतं. तिची आई कित्येक महिने अंथरुणातून उठत नव्हती. ताप नाही, दुखणं नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. वडील लांब कामाला होते, महिनाअखेरीला यायचे. मुंगी सकाळी आईला उठवून बसवायची, तोंड धुवायची, चार घास भरवायची, धाकट्या भावाला बालवाडीत सोडायची आणि मग धावत शाळेत यायची. आत्याने एकदा तिच्या आईला सगळ्यांदेखत वेडी म्हटलं होतं. तेव्हापासून मुंगीने तोंडाला कुलूप लावलं होतं आणि माझ्याकडूनही शपथ घेतली होती.

पहिला तास रोज भूमितीचाच. मुंगी रोज उशिरा यायची. बोलते सर असते तर चार शब्द ओरडून मोकळे झाले असते आणि विसरले असते. पण लिहिणाऱ्या माणसाला विचार करायला वेळ मिळतो. त्यांनी शांतपणे लिहिलं, ‘आईला घेऊन आल्याशिवाय माझ्या तासाला बसायचं नाही.’

मी ते वाचलं. मी म्हटलं, “सर म्हणतायत, जमलं तर घरच्या कोणालातरी घेऊन ये.” सरांना बोलता येत नव्हतं, ऐकू तर चांगलं येत होतं. त्यांनी खडूने पाटीवर टकटक केलं. मग मला जसं लिहिलंय तसं म्हणावं लागलं, तेही माझ्या आवाजात, शेजारच्या वर्गातही ऐकू जाईल असं. दप्तर घेऊन मुंगी बाहेर गेली आणि व्हरांड्याच्या खिडकीतून दिसेल तेवढा फळा उतरवून घ्यायला लागली.

ती रोज तशीच उभी राहायला लागली. मी आत उभी राहून बोलायचे आणि ती बाहेर उभी राहून लिहायची. मधल्या सुट्टीत मी तिला म्हटलं, की मी सरांना सांगते, ते वाईट नाहीत. ती माझ्याकडे बघतही नव्हती. म्हणाली, “तू सांगितलंस तर आपलं संपलं. मी उभी राहीन. उभं राहायला काय होतंय?”

मग सरांनी एक दिवस लिहिलं की आई आली नाही तर मुंगीचं नाव मोठ्या बाईंकडे जाईल आणि परीक्षेला बसता येणार नाही. तेही मीच म्हटलं. खिडकीत मुंगीची पेन्सिल थांबलेली मला दिसली. इकडे आड, तिकडे विहीर. शपथ पाळावी तर तिचं वर्ष जाणार, मोडावी तर ती जाणार. मी शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत गेले.

सर एकटेच वह्या तपासत होते. मी सगळं सांगितलं. इतक्या दिवसांत मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच माझं स्वतःचं काही बोलत होते, आणि नेमका तेव्हाच माझा आवाज बारीक लागला. सरांचे डोळे भरून आले. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘हे आधी का नाही सांगितलंस?’

मला खूप राग आला. रोज तासभर त्यांच्या खांद्याला खांदा लावून मी बोलत होते, पण त्यात मी बोलावं अशी जागा कुठे होती? पण एवढं कोणाला म्हणता येतं. मी फक्त म्हटलं, “सर, कोणाला सांगू नका. ती माझ्याशी बोलणार नाही.”

सर हसले. त्यांनी गळ्यावरच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि दोन्ही हात उघडून दाखवले. मी कोणाला आणि कसा सांगणार, असा तो विनोद होता. मीही हसले. हलकं वाटलं. त्या दिवशी मी नीट जेवले.

दुसऱ्या दिवशी मुंगी आली आणि सवयीने खिडकीकडे वळली. सरांनी हाताने तिला दारात बोलावलं. मग पाटीवर बराच वेळ लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. मी पहिली ओळ वाचली, मनात. वर्ग वाट बघत होता. मुंगी दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, “आत ये. बस.”

सरांनी खडूने टकटक केलं. मी गप्प राहिले. त्यांनी पुन्हा टकटक केलं. मी मान हलवली. पाटी त्यांच्या हातून घ्यावी, पुसून टाकावी, असं मनात आलं, पण हात उचललाच नाही. सरांनी माझ्याकडे मायेने बघितलं. माझा गळा दाटून आलाय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मला जरा बाजूला केलं आणि फळ्याकडे वळले.

सरांचं अक्षर सुंदर आहे. शेवटच्या बाकावरूनही वाचता येतं.

‘हिची आई मनाने आजारी आहे. ती अंथरुणातून उठत नाही. घरचं सगळं करून ही शाळेत येते, म्हणून उशीर होतो. सर्वांनी हिचा आदर्श घ्यावा.’

यावेळी त्यांच्या पाठीमागे बाजार भरला नाही. कोणी हसलंही नाही. लंबूने मान खाली घातली. फळ्यावर काही आलं की उतरवून घ्यायची सवय, त्यामुळे दोघातिघांनी ते वहीत लिहूनही घेतलं. मुंगीने दारातूनच सगळं वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत. मग ती आत आली, आमच्या बाकापाशी थांबली नाही, आणि खिडकीजवळच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसली.

मी तिथेच उभी होते. सर वळले, हातावरचा खडू झटकला, पाटी पुसली, त्यावर एक शब्द लिहिला आणि फक्त मला दिसेल अशी धरली.

शाबास.