पासंगाचा दगड

"अब्बा, तराजूला दगड बांधून तुमी लोकांना फसवताय व्हय?"

मित्रांनो, हा प्रश्न ऐकला आणि माझ्या साखळ्या थरथरल्या. कारण तो तराजू म्हणजे मीच! लोणंदला चांदसाहेबांच्या किराणा दुकानात टांगलेला, लोखंडी दांडीचा, पितळी पारड्यांचा, आणि आता फार भित्रा झालेला.

विचारणारी शाझिया, त्यांची सातवीतली लेक. पण प्रश्न तिचा नव्हता. काल तिची मैत्रीण रेश्मा साखर घ्यायला आली, तेवढ्यात लाईट गेली. इलेक्ट्रॉनिक काटा बंद पडला आणि चांदसाहेबांनी मला कामाला लावलं. रेश्माला माझ्या उजव्या पारड्याखाली फडक्यात बांधलेला दगड दिसला. झालं! "हिंमत असंल तर अब्बांना विचारून दाखव," अशी साऱ्या मैत्रिणींनी शाझियाशी पैज लावली.

चांदसाहेबांच्या हातातली पुडी अर्धीच राहिली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"माझ्या अब्बांनी बांधलाय त्यो," ते हळूच म्हणाले. "कुणाकुणाला सांगत बसू? आज भंगारवाला आला की देऊन टाकतो."

भंगार! मला भट्टीच दिसायला लागली. साताऱ्याच्या एका कारागिरानं मला घडवलं, तेव्हाही आग होती. पण त्या आगीतून मी तराजू होऊन बाहेर आलो. आता नुसता गोळा होणार? किती गूळ, किती तांदूळ मी तोलला! "माप म्हणजे म्हाताऱ्याचं," असं लोक चांदसाहेबांच्या अब्बांबद्दल म्हणायचे. मग माझं डावं पारडं फुटलं, नवं बसवलं, ते जाड निघालं. मी डावीकडं कलू लागलो, म्हणून म्हाताऱ्यानं उजवीकडं हा पासंग बांधला. पण मला तोंड कुठाय सांगायला?

शाझियाही घाबरली होती. अब्बा खरंच फसवत असतील तर? ती पोत्यावर चढली आणि तिनं दगडाची गाठ सोडली.

खाड्कन डावं पारडं खाली!

"अम्मी! मोडला गं!"

अख्तरबी आतून धावत आल्या. "मोडला न्हाई, बये. डावं पारडं मागनं बसवलेलं हाय, जड हाय. बांध बघू परत."

दगड बांधला. माझा काटा डुलला, डुलला आणि मधोमध उभा राहिला.

शाझिया बघतच राहिली. "थांबा! गणिताच्या मॅडमनी कालच शिकवलं. अधिक तीन आणि उणे तीन, विरुद्ध संख्या, बेरीज शून्य. मला कळंना, ते तीन गेले कुठं? अवो, कुठंच न्हाई गेले! इकडं पारड्याचं जास्तीचं वजन, तिकडं दगड. दोघं बी हाईत! एकमेकांना तोलून धरलंय, म्हणून काटा मधी!"

तेवढ्यात गल्लीतून भोंगा आला, "भंगाऽऽर..."

माझं सगळं पितळ गार पडलं. मित्रांनो, जुन्या वस्तूला मारलेली गाठ दिसली तर हसू नका. ती का मारली, ते एकदा विचारा. आम्हाला बोलता येत नाही हो!

भोंगा दाराशी थांबला. मला टांगलेल्या आकड्याकडे चांदसाहेबांचा हात गेला. पण त्याआधीच शाझियानं माझी दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"अब्बा, अम्मी, ऐका. ह्यो कुठं जाणार न्हाई. आज मी ह्याला शाळेत नेणार. सगळ्यांच्या म्होरं दगड रेश्मानं सोडायचा, आणि परत बांधायचा बी तिनंच!"