ओठ गोल न करता

तुर्की भाषेत एक स्वर आहे, तो आपल्या लिपीत लिहिता येत नाही. म्हणायचा 'ऊ'च, जीभ मागे ओढलेली तशीच ठेवायची, पण ओठ गोल होऊ द्यायचे नाहीत. करून पाहा. ओठ न विचारता पुढे येतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना दातांत आडवी पेन्सिल धरायला लावायचे. पेन्सिल असली की ओठ ताणलेले राहतात आणि स्वर नेमका पडतो. मग पेन्सिल काढायची, पुन्हा म्हणायचं, चुकलं की मी थांबवायचं. उच्चार शिकवणाऱ्याचं खरं काम म्हणजे हे थांबवणं. समोरचा चिडेपर्यंत, आणि तो चिडल्यावरही.

मी हे शिकले दातांच्या दवाखान्यात. लग्नाआधी एका तुर्की डॉक्टरीणबाईंकडे मदतनीस होते. पेशंटच्या तोंडात आरसा धरून त्या मला शब्द शिकवायच्या आणि माझा स्वर चुकला की हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत बसायच्या. पेशंट बिचारा आ वासून माझा स्वर सुधारण्याची वाट पाहायचा.

लग्नानंतर थोरल्या जाऊबाईंच्या भाषावर्गात शिकवायला लागले. त्या व्याकरण घ्यायच्या, आणि खोटं कशाला बोलू, झकास घ्यायच्या. उच्चार माझ्याकडे. पोट दिसायला लागल्यावर त्यांनी उच्चारांचे धडे चित्रित करून विकायचं काढलं. म्हणाल्या, तुझा चेहरा सुजलाय गं, कॅमेऱ्यात बरा दिसणार नाही. आवाज तुझा घेऊ, नाव तुझं टाकू. भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत, पंखा बंद करून, घामाच्या धारांत मी सगळे धडे बोलले. मध्येच लेक आतून लाथ मारायची, मग तेवढं पुन्हा.

धडे मी पाहिले ते थेट बाळंतपणानंतर, लेकीला पाजता पाजता. पडद्यावर जाऊबाई होत्या. ठेवणीतली साडी, लाल लिपस्टिक, आणि त्या लाल ओठांतून माझा आवाज. नाव त्यांचं एकटीचं. त्याहून जिव्हारी लागलं ते वेगळंच. जिथे माझा आवाज ओठ ताणून म्हणत होता, तिथे त्यांचे ओठ चंबूसारखे गोल. कान एक ऐकणार, डोळे दुसरंच पाहणार. शिकणाऱ्यानं कुणाचं खरं मानायचं? माझ्या मांडीवरची दूध ओढताना अगदी बरोबर ओठ करत होती, दुधाच्या तुर्की शब्दातल्या स्वराला लागतात तसे, पुढे काढलेले. महिन्याभराच्या पोरीला जमतंय, मी तिच्या टाळूवर ओठ टेकून सांगितलं, आणि तुझ्या काकूला नाही.

नावाचं विचारलं तर जाऊबाई हसल्या. "आता तुला वेळ कुठे गं? लेकरात रम. हे दिवस परत येतात का?" सासूबाईंनी मान डोलावली. नवरा म्हणाला, जाऊ दे, घरातलीच आहे. आमच्याकडे घरातल्यानं घेतलं की त्याला घेणं म्हणतच नाहीत.

मी जाऊ दिलं नाही. नुसती गप्प बसले.

मग एका मोठ्या कारखान्याचं निघालं. तिथले इंजिनियर तुर्की, कामगार सगळे इथले. कामगारांना भाषा शिकवायला कायमची शिक्षिका हवी होती. अशा नोकरीची वाट मी पोटुशी नव्हते तेव्हापासून पाहत होते. कारखान्यानं धडे ऐकले आणि बोलावणं पाठवलं, अर्थात जाऊबाईंना. कारखान्याच्या तुर्की परीक्षक बाई वर्गात येऊन शिकवणं पाहणार होत्या.

जाऊबाई दुपारच्या घरी आल्या. बाळासाठी झबलं, माझ्यासाठी केसांचं तेल. बराच वेळ केस कसे गळतात यावर बोलल्या. मग म्हणाल्या, जरा माझे उच्चार घासून देतेस का, तुझ्याइतकं बारीक कुणाला येतं. मी झबल्याच्या गाठी सोडत होते. मान वर न करता हो म्हटलं.

पुढच्या दुपारी लेकीला पायांवर झोपवून मी त्यांच्या दातांत पेन्सिल दिली. उजेडाला तुर्कीत जो शब्द आहे त्यात तो स्वर दोनदा येतो, तोच घेतला. पेन्सिल होती तोवर शब्द सुरेख आला. मग त्यांनी पेन्सिल काढली, पदरानं पुसली, आणि म्हटलं. ओठ लगेच गोल. सवयीनं माझा हात वर गेला, थांबवायला. जाऊबाईंच्या कपाळावर आठी आली. त्यांना मध्ये थांबवलेलं मुळीच खपत नाही. मी वर गेलेला हात लेकीवरची माशी हाकलल्यासारखा फिरवला.

"छान," मी म्हटलं.

"जमलं?"

"जमलं की."

रोज यायच्या, रोज गोल ओठांनी म्हणायच्या, आणि मी रोज छान म्हणायचे. मला वाटलं होतं, एखाद्या दिवशी त्यांच्या कानाला कळेल. माझ्याच आवाजावर इतके महिने ओठ हलवले होते त्यांनी. पण ऐकला कधीच नव्हता. शेवटी शेवटी त्या इतक्या खुलल्या की मला शिकवायला लागल्या, अगं तू फार ओढून म्हणतेस, सहज म्हणावं. बरं ताई, म्हटलं. रात्री नवरा म्हणाला, तुमचं दोघींचं हल्ली गूळपीठ जमलंय. लेकीच्या तळपायाला तेल चोळता चोळता मला इतकं बरं वाटत होतं की अंगाई लांबतच गेली.

परीक्षेच्या दिवशी त्यांनीच मला मागच्या बाकावर बसवलं, धीराला. झोळीत लेक छातीशी. पुढे विद्यार्थी, फळ्याजवळ जाऊबाई, खिडकीशी परीक्षक बाई, चष्मा केसांत खोचलेल्या. व्याकरण सुरेख झालं. बाई खूश दिसल्या. मग त्या म्हणाल्या, आता उच्चार.

जाऊबाईंनी उजेडाचा शब्द म्हटला. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा म्हणायला सांगितलं. म्हटला. आणखी एकदा. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली, ऐकतेयस ना अशी. मी हसून मान हलवली. बाईंनी फोन काढला आणि धडा लावला. गाद्यांच्या खोलीतला माझा आवाज वर्गात घुमला, आणि झोळीतल्या लेकीनं मान वळवून फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

हा आवाज कुणाचा, बाईंनी तुर्कीत विचारलं.

माझाच, जाऊबाई म्हणाल्या.

मग असाच म्हणा.

त्यांनी म्हटलं. ओठ गोल. पुढच्या रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. विद्यार्थ्यांनाही कळत होतं. शेवटी कान त्यांचे माझ्या आवाजावर तयार झाले होते. जाऊबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांनी मागे पाहिलं, सरळ माझ्याकडे, आणि त्या डोळ्यांत मागणं होतं. एक शब्द टाक, सावरून घे. मी लेकीचं टोपडं नीट केलं. सावकाश. एक बंद सुटला होता, तो बांधला. ती शांतता मला संपूर्ण हवी होती, एक घोटही सांडायचा नव्हता.

मग उठले, पुढे गेले, आणि बाईंसमोर शब्द म्हटला. त्यांनी दुसरा सांगितला, तोही म्हटला. तिसऱ्याला त्या हसल्या आणि आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. कधीपासून येऊ शकाल, त्यांनी विचारलं. लेकीसह येईन, मी म्हटलं, ती पिते अजून. आणा की, त्या म्हणाल्या, कारखान्यात पाळणाघर आहे.

जिन्यात जाऊबाईंनी गाठलं. लिपस्टिक पुसलेली, डोळे लाल.

"तुला कळत होतं ना, रोज?"

"रोज."

"आणि तरी छान म्हणत होतीस."

"हो ताई."

रडतील असं वाटलं. पण त्यांचं मन घरी पोचलं होतं. "आता आईंना काय सांगणार आहेस तू?"

खरं तर मी काहीच सांगणार नव्हते. नोकरी मिळाली होती, लेक पेंगत होती, घरी जाऊन पडायचं होतं. पण त्यांनी विचारलंच. मी फोन काढला, सासूबाईंना लावला, आणि घंटी वाजत असताना जाऊबाईंच्या हातात दिला.

"मी कशाला? तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "आवाज तुमचा असू दे."

पलीकडून सासूबाई हॅलो म्हणाल्या. कोण बोलतंय, विचारू लागल्या. लेकीची मान खांद्यावर नीट टेकवून मी दोन पायऱ्या खाली उतरले आणि कठड्याला धरून उभी राहिले. फोन परत घ्यायचा होता, हे खरं. पण त्या सुरुवात कुठून करतात, तेही ऐकायचं होतं.