तळघराचा जिना

बाबांना जाऊन दहा वर्षं झाली, म्हणून मी सोफियाहून आमच्या बल्गेरियातल्या गावी आले होते. रीतीप्रमाणे आई त्यांचा फोटो छापलेलं नवं निधनपत्र दाराला चिकटवत होती. मी खळीचं भांडं धरून उभी होते.

"वाचली तुझी कादंबरी," ती म्हणाली.

कादंबरीतला दारुडा नवरा तळघराच्या जिन्यावरून पडतो. बायकोला त्याच्या हाका ऐकू येतात, पण ती तासभर अंगणात मिरच्या भाजत बसते. बाबाही आमच्या तळघराच्या जिन्यावरूनच पडले होते. आई तेव्हा चर्चमध्ये होती, असं ती सगळ्यांना सांगत आली होती.

"आई, ती बाई तू नाहीस. सगळं मनानं रचलंय मी." मुलाखतींत हजारदा दिलेलं उत्तर मी पुन्हा दिलं.

"शेजारची स्तोयांका विचारत होती, ही तूच का गं म्हणून."

"मग?"

"म्हटलं, आमची पोरगी पहिल्यापासूनच थापाडी."

मला हसू फुटलं.

आईनं बाबांच्या चेहऱ्यावरून तळहात दाबून फिरवला. कागदाला एकही सुरकुती राहू दिली नाही. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मिरच्या नव्हत्या पण. वांगी होती."